भट्टीवालीचा चेहरा

"आबा, हिचा चेहरा राहिलाय."

नूतनने ती अंगठ्याएवढी बाहुली दोन बोटांत धरून खिडकीपाशी नेली आणि डॉक्टर एक्स-रे बघतात तशी उजेडात फिरवून बघितली. मी चष्मा काढून पुसला. चष्म्याला काही झालं नव्हतं, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला उत्तर सुचेपर्यंत हाताला काम लागतं. "राहिला नाही," मी म्हणालो, "सोडलाय." "सोडलाय म्हणजे?" "हातात आग आहे ना तिच्या? आगीचा उजेड तोंडावर पडणार. उजेड असतो तिथे रंग लावायचा नसतो, जागा सोडायची असते." नूतनने माझ्याकडे बघितलं. तिच्या आजीची ही बघण्याची पद्धत तिने उचलली आहे, बाकी स्वयंपाक वगैरे काही उचललं नाही; आणि ‘ना’च्या जागी येतं ते ‘ने’ सुरतेचं. "आबा, ते साडीवर. साडीचं कापड पांढरं असतं ने. हिला खाली काळा प्रायमर मारलाय मी. तुम्ही सोडलं की काळंच राहणार. ही जादूगारीण नाही वाटत, भरताचं वांगं वाटतं." "आणि आग?" मी विचारलं. निंदा ऐकायची तर एका बैठकीत ऐकून घ्यावी, हप्त्याहप्त्याने ऐकली की जास्त लागते. "आगपण साडीवरची आहे," ती म्हणाली आणि बाहुली माझ्यासमोर वर्तमानपत्रावर ठेवून आंघोळीला निघून गेली.

हे मात्र खरं होतं. मी पाच ज्वाळा काढल्या होत्या, पाचही एका मापाच्या, प्रत्येकीला काळी बारीक किनार, आणि पहिली ज्वाळा पाचवीच्या शेजारी आणून लावली तर नक्षी पुढे सुरू राहील अशी. म्हणजे ही आग साडेपाच मीटर लांब पसरवता आली असती, पदराला मोठी आणि काठाला लहान. हातालाच तसं वळण आहे. मी ट्रेसर होतो. हा धंदा आता उरलेला नाही, म्हणून समजावून सांगावं लागतं. सुरतेच्या प्रिंटिंग मिलमध्ये साडीवर सहा रंगांचा गुलाब छापायचा असला तर सहा स्क्रीन, म्हणजे जाळीच्या चौकटी, लागायच्या, आणि प्रत्येक स्क्रीनसाठी आधी एक पारदर्शक फिल्म हाताने भरावी लागायची. लाल रंगाची फिल्म वेगळी, गुलाबीची वेगळी, पानातल्या हिरव्याची वेगळी. पण शाई सगळ्यांना एकच, काळी. कोपऱ्यात लिहायचं ‘लाल’ आणि काळं भरायचं. कोपऱ्यात लिहायचं ‘पोपटी’ आणि काळंच भरायचं. मग ती फिल्म स्क्रीनला लावून उजेड मारला की काळ्याखाली उजेड अडायचा, आणि जिथे उजेड अडला तिथूनच पुढे कापडावर रंग उतरायचा. पांढऱ्याची फिल्म नसायचीच. पांढरं म्हणजे आपण हात न लावलेलं. अशा रीतीने मी आयुष्यभर देशातल्या किती बायकांच्या पाठीवर मोर, कैऱ्या आणि गुलाब बसवले असतील देव जाणे, पण एकही रंगीत नाही. गावाकडे कोणी विचारलं, धुडकूभाऊ, सुरतेला काय करता, तर मी सांगायचो, साड्या रंगवतो. मागून माझी बायको उषाबाई सांगायची, काळं करतात.

तर माझ्या हाताला रंग लागला तो थेट या वयात, नातीच्या खेळातल्या बाहुलीला लावताना. रंगाच्या बाटल्या होमिओपॅथीच्या औषधाएवढ्या, नावं त्याहून अवघड. हा खेळ नूतन अकरावीत असताना घरात आला. पुरणाच्या परातीएवढा खोका, आत एक गुहा, गुहेला दरवाजे, दरवाज्यांमागे नाना जातींचे राक्षस, आणि त्यांच्याशी लढायला चार भली माणसं: एक तलवारवाला, एक धनुष्यवाला, एक बुटका कुऱ्हाडवाला, आणि एक बाई जिच्या तळहातावर आग. नूतनच्या मैत्रिणी शनिवारीच यायच्या. इतर दिवशी राक्षसांना माणसं कमी पडायला लागली तेव्हा तिने आजीला बसवलं आणि आजीने मला. चौघांतून उषाबाईने आगवालीला उचललं. का, तर हिची स्वतःची आग आहे, दुसऱ्याच्या चुलीवर हिचं अडत नाही. नाव ठेवलं भट्टीवाली. पत्त्यांवरचं इंग्रजी तिला वाचता यायचं नाही, पण नियम वाचता आले नाहीत म्हणून कोणी हरतं असं तिला कधी वाटलं नाही. दरवाजा उघडायची वेळ आली की ती नूतनला आपल्या अहिराणीत म्हणायची, "तू पुढे व्हय, माय, मी शेच मांगे." तू पुढे हो, मी आहेच मागे. फासा टाकायच्या आधी त्याला मुठीत धरून दटावायची. अर्धमेला राक्षस समोर असला की त्याला सोडून द्यायची. "आजी, तो राक्षस आहे!" नूतन किंचाळायची. "मग? राक्षसाला आई नसते?" मी धनुष्यवाला होतो. मला कोणी काही विचारत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा हातात धनुष्य आलं होतं, आणि ते घेऊन मी दोन बायकांच्या मागून चालत होतो. हे मला फारसं नवीन वाटलं नाही.

नूतनने पुढे व्हिडिओ बघूनबघून बाहुल्या रंगवायची कला शिकली. तलवारवाला झाला, बुटका झाला, माझा धनुष्यवाला झाला (त्याला तिने दाढी दिली आणि पोट कमी केलं). उषाबाईने आपली बाहुली काही दिली नाही. रंगवलेल्यांकडे राक्षसांचं लक्ष आधी जातं, हिला आहे तशी राहू दे, भिंतीच्या रंगाची. ती तशीच राहिली, करडी. मग उषाबाई गेली आणि खोका माळ्यावर गेला. आता नूतनला हैदराबादला नोकरी लागली आहे. तिथल्या ऑफिसात कोणी खेळणारे भेटले म्हणे, तेव्हा खोका खाली आला. रविवारी ती निघणार. गच्चीवर जाऊन तिने करड्या बाहुलीवर काळ्या रंगाचा फवारा मारला आणि ती माझ्या हातात दिली. "तीन रंगीत आणि एक कोरी अशी मी नाही नेणार. ही तुम्ही करा, आबा. आजीची आहे." आणि जाताजाता, फार विचार न करता, "चेहरा आजीसारखा करा ने. तिकडे पण पाहिजे कोणीतरी मागे उभं."

मी हो म्हणालो. हो म्हणताना मला वाटलं की अवघड आहे ती आग. बसलो तेव्हा कळलं की आग काहीच नाही. ब्रशच्या टोकावर रंग घेऊन मी चेहऱ्यापाशी आलो आणि मला उषाबाईचा चेहरा आठवेना. म्हणजे आठवला, लगेच आठवला, पण तो भिंतीवरचा आठवला. भिंतीवर जो फोटो आहे तो तिच्या भाच्याच्या लग्नातला. समोरून फ्लॅश मारलेला, त्यामुळे नाकाला उंची नाही, गालाला खोली नाही. स्टुडिओवाल्याने मोठा करताना मागचा मांडव काढून टाकून निळं आकाश घातलं, ओठांना थोडी लाली दिली, पंधरा वर्षं कमी केली आणि गालावरचा तीळ कचरा समजून पुसून टाकला. फोटो आला तेव्हा घरात तेरावं चाललं होतं, तेव्हा हे बोलायचं राहिलं. मग हार पडला, आणि हार पडलेल्या फोटोला कोणी दुरुस्ती सांगत नाही. रोज सकाळी उदबत्ती लावताना मी त्या बाईला बघतो. छान बाई आहे. दोन वर्षं रोज बघून तिने आतल्या उषाबाईला हळूहळू बाहेर काढलं असावं, गोड बोलून, भाडेकरूसारखं. आता मी डोळे मिटले तरी हीच येते, आकाशासकट. तीळ होता एवढं मला पक्कं ठाऊक आहे. तो डाव्या गालावर होता की उजव्या, हे मला सांगता येईना.

ही गोष्ट विचारायची कोणाला? मुलगा योगेंद्र सकाळी एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात जातो तो जेवायला परत. त्याला फोन करून, मशीनच्या आवाजात ओरडून विचारायचं, की तुझ्या आईच्या कोणत्या गालावर तीळ होता रे? सून सुषमा घरातच आहे, तिला नक्की ठाऊक असणार, पण पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाने सुनेला असं विचारलं तर ती उत्तर देईल आणि मग संध्याकाळी मला न्यूरॉलॉजिस्टकडे नेतील. नूतनला तर विचारायचं नव्हतंच. तिच्यासाठी मी आजीचा शेवटचा जिवंत पुरावा होतो. म्हणून मी चेहरा सोडला. उजेडाचा सिद्धांत मला नंतर सुचला, ती खिडकीपाशी उभी असताना. सिद्धांत बहुतेक असेच सुचत असावेत.

आंघोळीहून येऊन नूतन माझ्या शेजारी बसली, ओले केस टॉवेलात, आणि मला आग शिकवायला लागली. "दिवाळीच्या चित्रात आपण काढतो तशी नाही. उलटी. आत सगळ्यात पांढरं, मग पिवळं, मग भगवं, मग लाल, आणि टोकाला काळं. आणि किनार नाही काढायची, आबा, कसम से." तिने माझ्या पाच ज्वाळांवरून पुन्हा काळं फिरवलं, सहा दिवसांचं काम चहा गार व्हायच्या आत गेलं, आणि ओल्या रंगात ओला रंग मिसळत एकच वेडीवाकडी ज्वाळा वर काढली. ती बरी दिसत होती, पण पेटलेली दिसत नव्हती. "आता बघा. आग स्वतः नाय चमकत. शेजारचं चमकतं." तिने भगवा रंग चहाच्या दुसऱ्या पाण्याएवढा पातळ केला आणि बाहुलीच्या बाहीला, बोटांना, पदराच्या आतल्या बाजूला नुसता पुसल्यासारखा लावला. तिने ज्वाळेला हातही लावला नाही आणि ज्वाळा पेटली. आयुष्यभर ज्या वस्तूला मी जागा सोडत आलो ती अशी दुसऱ्याच्या बाहीवर राहते हे कळायला मला फार उशीर झाला होता. "चेहऱ्याला पण असंच," ती म्हणाली. "आग खाली आहे, म्हणजे हनुवटीखाली उजेड, नाकाखाली उजेड, भुवयांच्या वर सावली. मोबाइलचा टॉर्च खालून मारून बघा, कळेल. चेहरा मी नाय करणार हां. मला आजी एवढी नाय आठवत." ती सहज म्हणाली. मला हेवा वाटला. तिला नाही आठवत हे तिला म्हणता येत होतं.

दोन दिवस मी तिला आठवायचा प्रयत्न केला, आणि मला दुसरी कोणती रीत येत नाही म्हणून फिल्मा सुट्या करून केला. आधी कुंकवाची फिल्म: कपाळाच्या मध्यावर, थोडं मोठं, घामाने खालच्या बाजूला फिसकटलेलं. मग नथीची, पण नथ ती लग्नकार्यातच घालायची, तेव्हा ही फिल्म कमी वापराची. केसांची: पुढे पांढरे, मागे मेंदीने तांबूस, मध्ये कोणताच रंग नाही. ओठांची: पानाचा शौक नव्हता, म्हणजे फिकट. एकेक फिल्म चांगली निघाली. अडचण एकावर एक ठेवताना यायची. ट्रेसर चारी कोपऱ्यांत अधिकाची बारीक खूण करतो, सगळ्या फिल्मांच्या खुणा एकमेकींवर बसल्या की गुलाब जुळतो. नाही बसल्या तर पाकळी इकडे आणि लाल तिकडे, मिलमध्ये म्हणायचे, रंग सरकला. मी उषाबाईची एकेक फिल्म लावायचो आणि कुंकू कानावर जायचं, नथ हनुवटीला लागायची. खुणा सापडत नव्हत्या. तिळाची फिल्म तर दोन्हीकडे बसून बघितली, उलटी आणि सुलटी, आणि दोन्हीकडे ती तितकीच खरी वाटली. एकदा मिलमध्ये निंबा नावाच्या आमच्या जोडीदाराने मोराची फिल्म उलटी लावली होती, हजार साड्यांवर मोर आपल्या लांडोरीकडे पाठ करून उभे राहिले, आणि गंमत म्हणजे त्या साड्या हातोहात खपल्या. कुणाला फरक कळला नाही. मग मलाच का कळावा? एका बोटाएवढ्या बाहुलीच्या गालावर, हैदराबादला, राक्षसांपुढे? पण दोन्हीकडे सारखीच खरी वाटणारी बाई म्हणजे कोणतीच नव्हे, एवढं मला कळत होतं.

शुक्रवारी दुपारी, सुरत झोपते त्या वेळी, मी टॉर्चचा प्रयोग केला. आमच्या जेवणाच्या टेबलाला वर काच आहे, सुषमाची आवड. मी टेबलाखाली एक स्टूल सरकवलं, त्यावर मोबाइल उताणा ठेवला, टॉर्च लावला, पडदे ओढले आणि वर काचेवर बाहुली उभी केली. मग सभ्य माणसासारखा खुर्चीत बसलो. काळं वांगं खालून उजळल्यावरही काळंच होतं. इतक्यात सुषमा तुरीच्या शेंगांचं ताट घेऊन आली. तिने पडदे बघितले, काच बघितली, मला बघितलं. "आबा, काय चाललंय?" "नूतनचं काम." हे उत्तर आमच्या घरात कशालाही चालतं. ती समोर बसली आणि शेंगा सोलायला लागली, कारण दुपारी टेबल तिचं असतं आणि सासऱ्याला वेड लागलं म्हणून संध्याकाळची भाजी थांबत नाही. दाणे काचेवर पडायला लागले. मी मान वर केली. सुषमा माझी सून राहिली नव्हती. हनुवटीखालून उजेड चढला होता, नाकपुड्या आतून पेटल्यासारख्या, गालांचा वरचा भाग अंधारात, भुवयांच्या सावल्या वर कपाळावर गेलेल्या. नाटकात भूत दाखवतात तशी. दाणे उचलायला तिने हात काचेवर धरला आणि बोटांच्या फटी लाल झाल्या, अगदी कडेकडेने, निखाऱ्यासारख्या. मी बघत राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण तिला जाणवण्याइतका. तिने वर बघितलं आणि वैतागून म्हणाली, "काय बघताय असं?"

"काय देखी ऱ्हायनात?"

हे सुषमा बोलली नव्हती. हे नवागामच्या आमच्या जुन्या खोलीतून आलं. त्या खोलीला एक दार आणि दाराच्या वर एक झरोका होता, बाकी सगळीकडे शेजारी होते. एका भिंतीपलीकडे लूम, कापडाचे यंत्रमाग. दिवसरात्र ते चालायचे आणि आम्ही त्यांच्या आवाजात बोलायचो, भांडायचो, झोपायचो. आठवड्यात एका दिवशी त्या भागाची विजेची लाइन बंद असायची, लूम थांबायचे, आणि त्या शांततेत गल्लीतली सगळी लहान पोरं दचकून रडायला लागायची. मी घरीपण काम आणायचो. ट्रेसिंगचं टेबल म्हणजे एक खोकं, वर काच, आत दिवा, म्हणजे खालची नक्षी फिल्मवर उमटते. मिलमध्ये आत ट्यूब असायच्या. माझ्या खोक्यात पिवळा बल्ब होता, त्यामुळे काच तापायची आणि थंडीत उषाबाई तिच्यावर हात शेकायची. पण तिला ती काच खरी हवी असायची ते तांदळासाठी. गावाकडून आलेला तांदूळ, गावाकडचेच खडे. ती म्हणायची, जगात तांदूळ निवडायला याच्याइतकी चांगली जागा झाली नाही. मी फिल्म उचलली की ती काचेवर मूठमूठ तांदूळ पसरायची. बल्ब खालून पेटलेला, प्रत्येक दाणा आतून उजळलेला, दुधी, आणि त्यात खडा मात्र ठार काळा. लपायला जागाच नाही. मी ओरडायचो, काचेवर चरे पडतात, माझ्या गुलाबात रेघा येतात. ती मान वर न करता विचारायची, "तुमना गुलाब शिजतस का?" मी खोक्याच्या या बाजूला, मागच्या भिंतीला टेकून, हातात वाळायला ठेवलेली फिल्म. ती त्या बाजूला, दाराकडे एक खांदा. आणि मी बघत राहायचो. सुंदर दिसायची असं नाही. खालून उजेड मारला की कोणतीही बाई सुंदर दिसत नाही, हडळ दिसते. पण उजेडाने तिचा चेहरा उलटा करून ठेवलेला असायचा. रोज दिसतं ते अंधारात, आणि रोज दिसत नाही ते लख्ख: हनुवटीखालचा मऊ भाग, नाकाची खालची बाजू, वरच्या ओठावरची बारीक लव. खडा सापडला की दोन भुवयांच्या मध्ये एक आठी पडायची, खड्यावरच राग, जणू तो मुद्दाम येऊन बसला होता. तो ती नखाने उडवायची, दाराकडे. दाराकडे उडवण्यासाठी ती मान किंचित दाराकडे वळवायची, आणि दाराकडचा गाल माझ्यापासून लांब जायचा, लूमच्या भिंतीकडचा गाल माझ्यासमोर यायचा, आणि त्याच्यावर, त्या खालून आलेल्या उजेडात, तिळाची एक अगदी छोटी सावली वर डोळ्याकडे गेलेली असायची. दार माझ्या उजव्या हाताला होतं. झरोक्यातून संध्याकाळी माझ्या उजव्या कानावर ऊन यायचं. म्हणजे लूमची भिंत डावीकडे, माझ्या डावीकडे, म्हणजे तिच्या उजवीकडे. उजवा गाल. मग ती माझ्याकडे वळायची, आठी तशीच, आता माझ्यासाठी. काय देखी ऱ्हायनात?

"काही नाही," मी सुषमाला म्हणालो. "तुरी छान आहेत यंदा." ती ताट उचलून स्वयंपाकघरात निघून गेली. जाताना तिने पडदे उघडले. बाहेर विजेच्या तारांवर उत्तरायणातले, म्हणजे संक्रांतीचे, पतंग अजून लटकत होते, रंग उडालेले. मी मोबाइल बंद केला, टेबलाशी तसाच बसलो आणि ब्रश उचलला.

काळ्यापासून सुरुवात केली, कारण ते मला येतं. चेहरा काळा होताच, पण तो फवाऱ्याचा काळा होता, कुणीही मारलेला. मी माझा काळा भरला. भुवयांच्या वर, गालांच्या माथ्यावर, नाकाच्या कण्यावर, जिथे-जिथे त्या बल्बचा उजेड पोचायचा नाही तिथे-तिथे. कोपऱ्यात मनातल्या मनात लिहिलं, ‘अंधार’. ही फिल्म एका दमात झाली, हात एकदाही थरथरला नाही. थरथर आता चहाच्या कपासाठी राखून ठेवलेली असते. जे उरलं त्याला तपकिरी, मग भगवा, मग हनुवटीच्या अगदी टोकाखाली पिवळा, चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखा पातळ, एक थर वाळू द्यायचा आणि दुसरा. बोटांच्या फटींना लाल. ती फट करताना मला माझ्याच हाताला ऊब लागल्यासारखी वाटली, पण जानेवारीतल्या सुरतेत ऊब लागायला काही भुताखेतांची गरज नसते. मग एका केसाचा ब्रश घेतला. भुवयांच्या मध्ये आठी. आणि सगळ्यात शेवटी, श्वास धरून, तिच्या उजव्या गालावर तीळ. तिळाची सावली काढता आली नाही, तेवढा बारीक ब्रश निघालेला नाही. लांब धरून बघितली. भिंतीवरच्या बाईशी तिचं काहीच जुळत नव्हतं. ती गोड बोलणारी बाई हार घालून माझ्याकडे बघत होती, आणि ही अंगठ्याएवढी माझ्याकडे बघत होती, तळहातावर आग घेऊन. दोघींत कोणाला घरात ठेवायचं हा प्रश्न नव्हता. ही तर हैदराबादला चालली होती.

शनिवारी संध्याकाळी नूतन सामान भरत होती. मी बाहुली तिच्या हातात दिली नाही, खोक्याच्या झाकणावर इतर तिघांच्या मागे उभी करून ठेवली आणि पेपर वाचायला बसलो. पेपर उलटा नव्हता, एवढी काळजी घेतली होती. ती आली, वाकली, मग गुडघ्यावर बसली. बाहुलीच्या उंचीला डोळे आणले. मग म्हणाली, "ही चिडलीय."

"असेल."

"कोणावर?"

"माहीत नाही. तिला विचार."

तिने बाहुली उचलून खिडकीपाशी नेली, डोळ्याजवळ धरली, फुंकर मारायला ओठ पुढे केले आणि थांबली. "हा कचरा नाही," ती म्हणाली. मी पेपरचं पान उलटलं. "तीळ आहे ने? आजी झोपवताना मी बोट ठेवायची यावर. बटन आहे म्हणायची, दाबलं की झोप येते." ती स्वतःच्या गालाला बोट लावून बघत होती, आधी एका, मग दुसऱ्या, आजी समोर आडवी आहे असं धरून. "बरोबर बाजूला आहे हां, आबा," ती म्हणाली, गणित तपासून दिल्यासारखं. मी चष्मा काढून पुसला. या वेळी पुसायला हवा होता.

नंतर प्रश्न आला तिला न्यायचं कसं. तिघांना फोममध्ये खाचा होत्या, भट्टीवालीच्या खाचेत आता ज्वाळा बसत नव्हती, रंगाने ती जाड झाली होती. सुषमाने मसाल्याची एक रिकामी स्टीलची डबी आणली. नूतन म्हणाली, "मम्मी, थोडे तांदूळ दे. टिश्यूत गुंडाळून तांदळात ठेवते, हलणार नाही. वॉर्निश मारलंय, काय नाय होत." डबीत तांदूळ पडले, त्यात टिश्यूत गुंडाळलेली भट्टीवाली बसली आणि माझ्या तोंडून गेलं, "निवडलेत का?"

"पाकिटातले आहेत, आबा," सुषमा म्हणाली. "आता कोण निवडतं?"

ते खरं आहे. त्या दोघी बॅगेची चेन लावायच्या खटपटीत असताना मी डबी खिडकीशी नेली आणि तांदूळ बोटाने चाळून बघितले. एकसारखे, पांढरेशुभ्र, एकही खडा नाही, मशीनने निवडलेले. तिला तिथे करायला काहीच नव्हतं. परक्या गावात, अनोळखी पोरांमध्ये, नुसती आठी घालून बसून राहायचं. खिडकीत सुषमाची तुळशीची कुंडी आहे. मी त्यातला एक बारीक काळा खडा निवडला, धोतराला पुसला, तांदळात खोलवर दाबला आणि झाकण लावून डबी नूतनच्या हातात दिली.